हर्षलची मोजणी

हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो ही तीन नावं मला मुळाक्षरांच्या आधीपासून येत होती, आणि त्यात माझी हुशारी काडीचीही नव्हती. आमच्या घरी लांबच्या नातेवाइकांचा विषय निघावा तसा त्यांचा विषय सारखा निघत असे. बडोद्याच्या दांडिया बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर दोन मजले चढून गेलं की आमची तीन खोल्यांची जागा होती. खाली दिवसभर भांड्यांवर ठोके पडत, समोरच्या देवळात घंटा वाजत, आणि या सगळ्या गजरात रविवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, झोपाळ्यावर मांडी घालून लोकांच्या पत्रिका मांडत. अण्णा संस्थानाच्या काळापासून मोजणी खात्यात नकाशे काढायचे. संस्थान गेलं, मग मुंबई राज्य आलं, मग गुजरात झालं, कचेरीच्या पाट्या दोनदा बदलल्या, पण अण्णांची खुर्ची आणि टोकदार पेन्सिल तीच राहिली. पत्रिका करणं हा त्यांचा छंद होता. त्याचे ते पैसे घेत नसत, फक्त एक नारळ घेत. त्यामुळे आमच्याकडे आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, चटणी तर विचारूच नका. आई म्हणायची, "एखाद्या आठवड्यात बडोद्यात मूल जन्मलं नाही तर बरं होईल, मला भाजीत दाण्याचं कूट तरी घालता येईल."

नवग्रह अण्णा पंचांगातून घेत आणि काळ्या शाईने मांडत. हे तीन मात्र आमच्या पंचांगात नसत. ते एका जाडजूड इंग्रजी कोष्टकांच्या पुस्तकातून शोधून लाल शाईने लिहिले जात. शाळेत ज्याला युरेनस म्हणत तो आमच्या मराठी घरात हर्षल होता, आणि शाळेतल्या मैत्रिणींपेक्षा मला त्याची जास्त ओळख होती. हर्षल विक्षिप्त, नेपच्यून फसवा. प्लूटोबद्दल अण्णा जपून बोलत. "तो नवा आहे, त्याचे गुण अजून कळायचेत," असं ते म्हणत, एखाद्या घरी नवी सून आल्यावर शेजारीपाजारी म्हणतात ना, अगदी तसं. खालच्या मजल्यावरचे जयंतीकाका, ज्यांचं लहरीपुऱ्यात कापडाचं दुकान होतं, ते जिन्यात थांबून, आमचा नवांतच दम निघतो, तुम्ही बारा कुठून आणलेत, असं गुजरातीत चिडवायचे, "अण्णासाहेब, अमारे तो नव ग्रहमां ज दम नीकळी जाय छे, तमे बार क्यांथी लाव्या?" अण्णा हसून म्हणायचे, "जयंतीभाई, लांब आहेत म्हणून नाहीत असं थोडंच?"

अण्णांचं एक वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा ऐकू यायचं: "मोजणी कुठून सुरू केली ते आधी लिही." मी म्हटलं की शाळा पंधरा मिनिटांवर आहे, की लगेच, कुठून? घरातून की खालच्या रस्त्यावरून? आईने म्हटलं की दुधीची वेल चार हात वाढली, तरी तेच. त्यांच्या खात्यात एका साहेबाने म्हणे मोजणीचा दगड चुकीचा धरला आणि अख्खी वाडी नकाशात ओढ्यात गेली. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती वाडी मला तोंडपाठ झाली होती.

आता मालूआत्याबद्दल. ही अण्णांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. हर्षल सातव्या घरात, म्हणजे लग्नाच्या घरात पडला तर संसार अवचित मोडतो, असा अण्णांचा ठाम विश्वास होता, आणि त्यातून घरचं माणूसही सुटलं नव्हतं. आत्याच्या ऐन लग्नाच्या वयात एक स्थळ ठरत आलं होतं. अण्णांनी तिची पत्रिका मांडली, सप्तमात हर्षल निघाला. त्यांनी स्वतःहून मुलाकडच्यांना कळवलं आणि ते स्थळ गेलं. पुढच्या स्थळांनाही अण्णा आधी हर्षल सांगत आणि मग पोहे देत, त्यामुळे पोहेच उरत. तो पहिला मुलगा कोण, कुठला, हे घरात कोणी बोलत नसे. मी जात्या भोचक, आईला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "पापड लाट."

आत्या मात्र त्याबद्दल कुढताना मी कधी पाहिली नाही. तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कुतूहल होतं आणि ते कुतूहल तिने मला लावलं. एकदा मी विचारलं, की हे तिघं लांब लांब म्हणता, पण म्हणजे किती? आत्याने अण्णांच्या दक्षिणेतला एक नारळ उचलला, डब्यातून मोहरी, मिरे आणि खसखस काढली आणि मला घेऊन खाली उतरली. नारळ दुकानाच्या ओट्यावर ठेवला. तो सूर्य. सतरा पावलं चालून मोहरीचा दाणा एका पायरीवर ठेवला. ती पृथ्वी, आपलं बडोदं, अण्णा, आई, कचेरी, सगळं त्या मोहरीवर. मग आम्ही चालतच राहिलो. तीनशेतीस पावलांवर एक मिरा ठेवला, तो हर्षल. पाचशेवीस पावलांवर दुसरा मिरा, नेपच्यून. तोवर पानवाला, शिंपी आणि देवळातले पुजारी आमच्याकडे बघायला लागले होते, आणि एक गाय पहिल्या मिऱ्याच्या दिशेने निघाली होती. सातशे पावलांच्या आसपास, सूरसागर तलाव दिसू लागला तिथे, आत्याने चिमटीतून खसखशीचा एकच दाणा एका दगडावर ठेवला. "हा प्लूटो. आता मागे बघ, नारळ दिसतो?" नारळ कुठला दिसायला, दुकानही दिसत नव्हतं. "तिथून यांनी आपल्या मोहरीवर लक्ष ठेवायचं," आत्या म्हणाली आणि स्वतःशीच हसली. परत येईस्तोवर सूर्य कोणीतरी उचलून नेला होता. आईने त्यावरून आम्हा दोघींना सारखंच रागावून घेतलं.

मी आठवीत असताना माझ्या मोठ्या बहिणीचं, सुधाताईचं, लग्न निघालं. रिफायनरी नवीनच झाली होती आणि तिथे महाराष्ट्रातून आलेली बरीच तरुण मंडळी नोकरीला होती. त्यांतला सुरेश लेले हा मुलगा. वडील नव्हते, आई त्याच्याजवळ राहायची. ते पहिल्यांदा आले तेव्हा ताईने शेवउसळ केली होती आणि इतकी तिखट झाली की सुरेशरावांच्या नाकातून पाणी आलं. तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली. दुसऱ्यांदा ते नुसतेच, आपली छत्री इथे राहिली का विचारायला, भर फेब्रुवारीत आले. फेब्रुवारीत छत्री! आई पदराआड हसली. ताई आठवडाभर झोपाळ्यावर बसून गुणगुणत होती. मग अण्णांनी दोघांच्या पत्रिका समोर ठेवल्या, गुण जुळवले, सगळं छान जमलं, आणि शेवटी लाल शाईकडे आले. ताईची लग्नरास धनू. सातवं घर मिथुन. मिथुनेत हर्षल.

आई म्हणाली, "त्यांच्या पत्रिकेवाल्याने नाही ना काढलं? मग आपण कशाला?" अण्णा म्हणाले, "मालूच्या वेळी सांगितलं आणि सुधाच्या वेळी लपवू? बहिणीला एक न्याय आणि मुलीला दुसरा?" अण्णांनी लेलेबाईंना चिठ्ठी पाठवली. तीन दिवसांनी उत्तर आलं: आपला प्रामाणिकपणा आवडला, पण माझा एकुलता एक मुलगा आहे. एवढंच. ताई रडली नाही. तिने कपाटातल्या सगळ्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, मग पुन्हा मोडून पुन्हा घातल्या. मालूआत्या दारात उभी राहून ते बघत होती. मला ताईचं वाईट वाटलंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला राग आला होता, आणि रागाखाली जबरदस्त उत्सुकता होती. ज्या मिऱ्याने आमच्या घरातली दोन लग्नं मोडली तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

आत्याला विचारलं तर ती चमकली. "बघायचा? तो दिसतो?" भूगोल शिकवणारी बाई, नारळ-मिऱ्यांचं सूर्यमंडळ मांडणारी, पण हर्षल बघता येतो का हा विचार तिने कधी केला नव्हता. दोन दिवसांनी ती लायब्ररीतून एक इंग्रजी मासिक घेऊन आली. त्यात आकाशाचा नकाशा होता आणि साध्या दुर्बिणीतून युरेनस सापडेल, असं लिहून बाण काढला होता. दुर्बीण जयंतीकाकांकडे होती. उत्तरायणाच्या दिवशी कोणाचा पतंग कोणी कापला हे पक्कं करायला ते ती वापरत. "ले बेटा, पण पाडती नहीं हं," म्हणत त्यांनी ती माझ्या गळ्यात अडकवली. होळी होऊन गेली होती, चंद्र उशिरा उगवत होता, आणि जेवणं आटोपली की आम्ही दोघी अगाशीत जायचो. बडोद्याचे आम्ही मराठी लोक गच्चीला अगाशीच म्हणतो. आधी सवयीसाठी गुरू बघितला. पंचांगात गुरू वृषभेत होता आणि आकाशातही तो वृषभेतच होता. मग पूर्वेला सिंह, आणि सिंहाच्या मागच्या पायाशी, बाणाने दाखवलेल्या जागी, चारपाच बारीक ठिपके. त्यांतला एक जरासा हिरवट वाटत होता, का मला तसं वाटायचं होतं, कोण जाणे. मी अण्णांच्या चौकटीच्या कागदावर ते सगळे ठिपके काढले. दर दोन दिवसांनी पुन्हा काढले. बाकीचे जिथल्या तिथे. एक मात्र दर वेळी किंचित सरकत होता. दहाव्या दिवशी मी दोन कागद एकमेकांवर धरून कंदिलासमोर लावले आणि इतक्या जोरात ओरडले की खालून जयंतीकाकांनी "शुं थयुं?" विचारलं. आजवर मी पुष्कळ शिकले आणि पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण त्या ठिपक्याचं हलणं मला जेवढं स्वतःचं वाटलं तेवढं पुढे काहीच वाटलं नाही.

आनंदाचा भर ओसरल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. अण्णांच्या वहीत चालू ग्रहमान लिहिलेलं असे, आणि त्यात लाल शाईने हर्षल कन्या राशीत होता. आम्हाला तो सिंहेत दिसत होता. आत्याला दाखवलं. ती कागद पुन्हा पुन्हा बघून म्हणाली, "परवा पाडवा आहे. दादा पंचांग वाचेल तेव्हा विचार." मला वाटलं, सणाच्या गडबडीत तिला हा विषय नको असेल. आज कळतं की तिला स्वतःसाठी दोन दिवस हवे होते.

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब खाऊन तोंडं वाकडी झाली, अण्णांनी नव्या पंचांगाची पूजा करून वर्षफल वाचलं. पानं वाढली गेली आणि मी माझे चौकटीचे कागद श्रीखंडाच्या वाटीशेजारी ठेवले. सगळं सांगितलं आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही हर्षलची मोजणी कुठून सुरू केली?"

अण्णा आधी हसले. मग त्यांनी कागद हातात घेतला. मग ते पानावरून उठले, जे त्यांनी माझ्या आठवणीत कधी केलं नव्हतं, आणि पंचांग आणि इंग्रजी पुस्तक शेजारी शेजारी उघडून बसले. गंमत अशी होती. आपली पंचांगं राशी मोजतात ती ताऱ्यांच्या हिशेबाने. इंग्रजी कोष्टकं मोजतात ती दिवसरात्र समान होतात त्या बिंदूपासून. दोन्हींत तेवीस अंशांचा फरक पडतो, जवळजवळ एक रास. एकाने मांडवीपासून दुकानं मोजावीत आणि दुसऱ्याने लहरीपुरा दरवाज्यापासून, तर दोघांचं दहावं दुकान एक कसं असेल? नऊ ग्रह एका दगडापासून आणि तीन दुसऱ्याच दगडापासून मोजून अण्णांनी वीसएक वर्षं एकाच कुंडलीत बसवले होते. ज्या जुन्या कारकुनाने त्यांना ते पुस्तक दिलं त्याने हे सांगितलं नव्हतं, आणि बडोद्यातले बाकीचे जोशी त्या तिघांना विचारतच नव्हते, मग चूक दाखवणार कोण? अख्खी वाडी ओढ्यात गेली होती.

"म्हणजे ताईचा?" मी विचारलं. अण्णांनी वजाबाकी केली. मिथुन नाही, वृषभ. सातवं नाही, सहावं. आईने देवाला हात जोडले. ताई उठून खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. त्या आनंदात मला काय सुचलं पाहा. वहीत पुढेच आत्याची पत्रिका होती. मी तेवीस वजा केले आणि टाळी वाजवून ओरडले, "आत्या, तुझाही सहाव्यात! मीन नाहीच, कुंभ!"

मला वाटलं होतं मी तिला बक्षीस देते आहे. खाली भांड्यांचे ठोकेही सणामुळे बंद होते. आईचे हात जोडलेलेच राहिले. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आत्याच्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं, ती एकेकाच्या पानाशी वाकून वाढत गेली, अण्णांच्या पानाशी आली तेव्हा म्हणाली, "दादा, आधी जेव." तेरा वर्षांच्या मुलीला अक्कल किती असते यावर मी पुढे वर्गात कधी कुणाला रागावले नाही, त्याचं कारण हा पाडवा.

संध्याकाळी गुढी उतरवायला आत्या अगाशीत गेली. थोड्या वेळाने अण्णा गेले. मी जिन्यात बसले. ऐकू नये हे कळत होतं, पण उठवत नव्हतं. पहिल्यांदा नुसतंच अण्णांचं नाक ओढणं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "माले, तुझं आयुष्य माझ्या हातून..."

"माझं आयुष्य बरं आहे," आत्या म्हणाली. "मला राग नाही असं मी म्हणणार नाही. राग आहे. तो माझा मी बघेन. पण सुधाचं काय करणार आहेस ते सांग."

"कोण विश्वास ठेवील? स्वतःच्या मुलीचा हर्षल आधी सातव्यात सांगितला आणि महिन्याभराने सहाव्यात आणला. लोक म्हणतील, म्हातारा लग्नासाठी ग्रह सरकवतो."

गुढीची काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग आत्याचं शांत, वर्गातलं बोलणं ऐकू आलं. "मग माझी पत्रिका बरोबर दाखव. मुलीसाठी खोटं बोलणारा माणूस बहिणीचं नुकसान कबूल कशाला करील?"

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईने विधवा लेलेबाईंनाही, रीत बाजूला ठेवून, मुद्दाम बोलावणं धाडलं. बाई आल्या. त्या साताऱ्याकडच्या, उंच, नऊवारीतल्या, बोलणं रोखठोक. कैरीची डाळ खाऊन झाली, पन्ह्याचा पेला हातात होता, बाकीच्या बायका गेल्या होत्या. अण्णा बायकांच्या हळदीकुंकवात कधी यायचे नाहीत, ते बाहेर आले आणि उभ्यानेच सगळं बोलून गेले. बाईंनी ऐकून घेतलं. "अण्णासाहेब," त्या म्हणाल्या, "सोयीचा ग्रह निघाला बरं का तुमचा." अण्णांचा चेहरा उतरला. तेव्हा आत्याने पुढे होऊन आपली पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली, लाल शाईवर काट मारलेली, शेजारी नवी जागा लिहिलेली. "याच चुकीने माझं लग्न मोडलं," ती म्हणाली. "हे दादाने तुमच्यासाठी सरकवलंय असं वाटतं?"

लेलेबाईंनी ती पत्रिका वाचली का नुसतीच धरली होती, मला सांगता येणार नाही. पेला त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दाखवा तो मेला कुठे आहे." अंधार पडला होताच. आम्ही सगळी अगाशीत गेलो, नऊवारी सावरत बाईसुद्धा. दुर्बीण त्यांना धरता येईना, मी कोपर धरलं. पुष्कळ वेळ "कुठे गं, कुठे" चाललं आणि मग दुर्बीण एका जागी थांबली. "एवढासा?" त्या म्हणाल्या. दुर्बीण खाली करून त्यांनी आत्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. करू हे लग्न?"

"मला विचारता?"

"तुमच्याइतकं याचं मोल इथे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?"

आत्या म्हणाली, "करा. आणि खरं सांगू का, तो सातव्यात असता तरी करा म्हटलं असतं."

बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. सुरेश रोज विचारतो, त्यांच्याकडे छत्री राहिली आहे, आणायची का. आमच्या घरात छत्रीच नाही." ताई जिन्यातून खाली पळाली ती आईला धडकली. लग्न वैशाखात झालं. त्यांचा संसार आजवर टिकला आहे, भांडणांसकट. सुरेशराव घोरतात, एवढाच काय तो विक्षिप्त ग्रह.

अण्णांनी त्या उन्हाळ्यात वही उघडून एकेका घराला पोस्टकार्ड लिहिलं: मी मांडलेल्या पत्रिकेतले शेवटचे तीन ग्रह तेवीस अंश मागे घ्यावेत, चूक माझी आहे. काहींनी उत्तरच दिलं नाही, काहींनी रागावून लिहिलं. नवसारीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की हर्षल हवा तिथे ठेवा, मला चार मुलं झाली आहेत, आता काय फरक पडतो. अण्णा ते वाचून खूप दिवसांनी हसले. पत्रिका करणं त्यांनी सोडलं. आमच्या भाजीत दाण्याचं कूट आलं आणि खरं सांगते, मला खोबऱ्याची आठवण यायची.

आत्याने दुर्बीण मात्र सोडली नाही. जयंतीकाकांनी तिला ती देऊनच टाकली. एकदा ती म्हणाली होती, "याची फेरी चौऱ्याऐंशी वर्षांची. मी बेचाळीसची. म्हणजे हा आता माझ्या पत्रिकेतल्या त्याच्या जागेच्या बरोबर समोर आहे. अर्धी फेरी झाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी जागेवर येईल तेव्हा बघू." मी म्हटलं, तोवर कोण जगतंय. ती म्हणाली, "मला उत्सुकता आहे, म्हणजे जगेन."

आणि ती जगली. अण्णा, आई, लेलेबाई गेली. प्लूटोला शास्त्रज्ञांनी ग्रहांतून काढून बटुग्रहांत बसवलं, त्याच्या पलीकडे तसे आणखी सापडले होते, कुणाचं नाव एरिस, कुणाचं माकेमाके. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली तेव्हा ती खूश झाली. "बघ, एवढी मोठी माणसं, पण चुकलं तर जगासमोर फिरवलं. दादासारखं." परवा माझ्या नातवाने मला प्लूटोचा फोटो दाखवला, यानाने जवळून काढलेला, अंगावर मोठा पांढरा डाग असलेला. नवी सून कशी आहे ते शेवटी कळलं म्हणायचं. तो बघायला आत्या नव्हती, याची मला अजून रुखरुख आहे.

पण चौऱ्याऐंशीव्या वर्षाची दिवाळी तिने गाठली. शहरात आता एवढे दिवे की अगाशीतून काही दिसेना, म्हणून भाऊबीज झाल्यावर मी तिला गाडीत घालून सावली गावाच्या रस्त्याला ओळखीच्या एका शेतावर नेलं. तिन्हीसांज उलटली होती, कपाशीचा वास येत होता, कुठेतरी पंप चालू होता. खुर्चीवर तिला बसवलं, शाल दिली, जयंतीकाकांची तीच दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून कोपरं धरली. कुंभेतले तारे मी सांगत गेले, ती शोधत गेली. मग तिचे हात माझ्या हातांत थांबले.

"दिसला?"

"दिसला. कुंभेतच आहे गं. दादाची वजाबाकी बरोबर होती."

ती बघतच राहिली. पंप बंद झाला. इतका वेळ ती हलली नाही की मला वाटलं डोळा लागला. मग दुर्बीण न काढताच ती म्हणाली, "घारे डोळे होते त्याचे. पोहे खाताना सारखा हसत होता."

मी जन्माची भोचक. बेचाळीस वर्षं मी या एका उत्तरासाठी टपून होते. पण त्या संध्याकाळी मी पुढे काही विचारलं नाही, फक्त तिची कोपरं धरून उभी राहिले, तिचं बघून होईपर्यंत.